कॉइलओव्हर बसवताना: बेळगाव-खानापूरच्या रस्त्यांसाठी, पहिल्या पान्यापासून

ॲडजस्टेबल सस्पेन्शन घ्यायचं मनात आलं की बहुतेकांची नजर आधी चाक आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीकडे जाते. चार बोटं फट आहे, ती एका बोटावर आणायची. माझीही सुरुवात तिथूनच झाली. पहिला सेट बसवला, चारही बाजूंनी गाडी ५० मिलिमीटर खाली घेतली आणि रविवारी सकाळी पिरनवाडीवरून किणयेकडे निघालो. कुसमळीच्या अलीकडे एका खड्ड्यात पुढचा शॉकअप पूर्ण दाबला जाऊन असा आदळला की स्टिअरिंगला हिसका बसला आणि गाडी अर्धी समोरच्या लेनमध्ये गेली. समोरून कोणी येत नव्हतं म्हणून निभावलं. सेटमध्ये दोष काहीच नव्हता. गाडी खाली घेताना मी चाकाची वर जाण्याची जागाच संपवून टाकली होती.

त्या जागेला मी पुढे ‘चाल’ म्हणणार आहे: चाक वर आणि खाली जितकं जाऊ शकतं तेवढं अंतर. सस्पेन्शन जे काही काम करतं ते त्या अंतरात करतं. म्हणून मापं घेताना, उंची ठरवताना, शॉकअपच्या नॉबचे क्लिक फिरवताना एकच प्रश्न विचारत राहायचा, चाल किती उरली?

घेण्याआधी

कॉइलओव्हर म्हणजे शॉकअप आणि त्याच्या अंगावर बसलेली स्प्रिंग असा एक जोड, ज्याच्या नळीला बाहेरून आटे असतात. त्या आट्यांवरची कॉलर फिरवून स्प्रिंगची बैठक वर-खाली करता येते. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक आणि छोट्या सेडानमध्ये हा जोड फक्त पुढे असतो, मॅकफर्सन स्ट्रट म्हणतात तो. मागे दोन्ही चाकांना जोडणारा एकच बीम असतो आणि त्यावर स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा. त्यामुळे सेटच्या खोक्यात मागच्या स्प्रिंगसाठी आट्यांचा वेगळा ॲडजस्टर दिसला तर काही चुकलेलं नाही.

सेट दोन प्रकारचे मिळतात. पहिल्यात उंची बदलायची तर स्प्रिंगची कॉलरच फिरवावी लागते. दुसऱ्यात स्ट्रटचा खालचा ब्रॅकेट वेगळा फिरतो. उंची त्याने ठरते आणि स्प्रिंगची कॉलर जागची हलत नाही. दुसरा महाग पडतो, पण परवडत असेल तर तोच घ्या. त्यात गाडी खाली घेतली तरी शॉकअपमधली चाल कमी होत नाही. पहिल्या प्रकारात गाडी जितकी खाली घ्याल तितकी दबायची चाल कमी होत जाते, आणि गाडी उचलल्यावर स्प्रिंग आपल्या बैठकीत सैल पडू शकते. मात्र दुसऱ्या प्रकारातही चाक मडगार्डच्या आतल्या अस्तराला किंवा ड्राइव्हशाफ्ट (इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा शाफ्ट) चेसिसला लागायची मर्यादा राहतेच, हे विसरू नका.

जर्मनीचे केडब्ल्यू आणि बिल्श्टाइन, जपानचं टाइन, तैवानचं बीसी रेसिंग, स्वीडनचं ओलिन्स ही नावं तुम्ही ऐकली असतील. नावापेक्षा महत्त्वाचा आकडा स्प्रिंगच्या अंगावर छापलेला असतो, बऱ्याचदा किलो प्रति मिलिमीटरमध्ये. ५ चा आकडा म्हणजे ती स्प्रिंग १ मिलिमीटर दाबायला ५ किलो वजन लागतं.

आता हा आकडा आपल्या गाडीशी लावून बघू. त्यासाठी गाडीचं वजन हवं, आणि त्याबाबतीत आपला जिल्हा नशीबवान आहे. ऊसपट्टा असल्यामुळे वजनकाटे जागोजागी आहेत. काट्यावर आधी पूर्ण गाडी घ्या, मग फक्त पुढची चाकं काट्यावर राहतील अशी उभी करा. काटा पाच-दहा किलोचा फरक दाखवतो, आपल्याला तेवढं पुरतं. समजा पुढचं वजन ६२० किलो आलं. एका चाकावर ३१०. त्यातून चाक, ब्रेक, नकल (चाकाचं हब ज्यावर बसतं तो भाग) असं स्प्रिंगच्या खाली असलेलं सुमारे ३५ किलो वजा करा. स्प्रिंगवर येणारा भार उरला २७५ किलो. कंपनीच्या मऊ स्प्रिंगचा आकडा २ धरला, तर गाडी नुसती उभी असताना ती १३७ मिलिमीटर दबलेली असते. ५ ची स्प्रिंग फक्त ५५ मिलिमीटर दबते.

म्हणजे खड्डा आला की मऊ स्प्रिंगवालं चाक पटकन खाली जाऊन रस्ता शोधतं, आणि कडक स्प्रिंगवालं चाक ५५ मिलिमीटर खाली गेलं की पुढे त्याला ढकलणारं काहीच नसतं; ते हवेत लोंबकळतं. गुळगुळीत ट्रॅकवर हे चालतं. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत ज्या डांबरावरून महिनोन् महिने जातात, त्यावर नाही. चिकोडी-निपाणी भागात हंगाम संपताना रस्त्याच्या डाव्या कडेला चाकोऱ्या कशा पडतात ते रोज जाणाऱ्यांना सांगायला नको. रोजच्या वापराच्या हॅचबॅकला पुढे साधारण ३ ते ४ चा आकडा मी सुचवेन. विक्रेता ६-७ च्या स्प्रिंगा ‘स्पोर्ट’ म्हणून पुढे करत असेल तर मऊ स्प्रिंगचा पर्याय मागा. बऱ्याच कंपन्या ऑर्डर देताना तो देतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीमध्ये नोंदलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. सेट घेण्याआधी आरटीओत विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा. गाडी वॉरंटीत असेल तर सस्पेन्शनची वॉरंटी गेली असंच धरून चाला. जुने स्ट्रट आणि स्प्रिंगा पोत्यात बांधून ठेवा, विकू नका.

खोलण्याच्या आदल्या दिवशी

चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत सरळ वर माप घ्या आणि वहीत लिहा. जमिनीपासून घेऊ नका, कारण टायरमधली हवा कमी-जास्त असली की माप बदलतं. हेडलाइट भिंतीवर पाडून उजेडाच्या वरच्या कडेला खडूने रेघ मारून ठेवा. नकलचे दोन्ही बोल्ट, लिंक रॉडचे (स्ट्रटला अँटी-रोल बारशी, म्हणजे वळणात गाडीला झुकू न देणाऱ्या आडव्या दांड्याशी, जोडणारे छोटे रॉड) नट आणि मागच्या शॉकअपचे खालचे बोल्ट तारेच्या ब्रशने साफ करून त्यांवर गंज सोडवणारा स्प्रे मारा. खानापूरच्या बाजूची तांबडी माती आट्यांत शिरली की वाळून विटेसारखी होते. ती न काढता नट फिरवला तर आटे जातात.

हत्यारं: चांगला ट्रॉली जॅक, किमान दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), बॉक्स पान्यांचा सेट, ॲलन की, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच नट आवळू देणारा पाना), आणि कॉलर फिरवायचे दोन सी-पाने, जे सेटबरोबर येतात. टॉर्क रेंच नसेल तर भाड्याने आणा, पण अंदाजाने आवळू नका. जमीन सपाट आणि पक्की हवी. शहाबादी फरशीवर घोडी घसरते, आणि अंगणातल्या मातीत पावसात खचते.

एक गोष्ट आधी तपासा. सेटमध्ये वरचं माउंटिंग (स्ट्रट बॉडीला जिथे पकडला जातो तो भाग) नवीन आलंय, की जुन्याच स्ट्रटचं काढून लावायचं आहे? नवीन असेल तर जुना स्ट्रट अख्खा बाहेर काढून बाजूला ठेवायचा, तो खोलायची गरजच नाही. जुनं माउंटिंग वापरायचं असेल तर ते काम घरी करू नका. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणूस मारण्याइतकी ताकद असते, आणि मधला नट तसाच सोडवला तर ती सुटते. ऑटोनगरमध्ये किंवा तुमच्या नेहमीच्या मेस्त्रींकडे पक्का स्प्रिंग कॉम्प्रेसर असेल तिथे न्या. तिथे कन्नड, मराठी, दखनी काहीही बोला, शॉकअप, माउंटिंग, बुश, लिंक रॉड हे शब्द तिन्हींत तेच आहेत.

पुढची बाजू

मागच्या चाकांना ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, पुढचे व्हील नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. मग जॅकवर उचलून दोन्ही बाजूंना कंपनीने दिलेल्या जागी घोड्या लावा. गाडीला हाताने धक्का देऊन बघा. जरा जरी हलली तर पुन्हा उतरवून नीट बसवा. फक्त जॅकच्या भरवशावर कधीच हात आत घालू नका.

चाक निघाल्यावर ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर स्ट्रटवरच्या क्लिपांमधून मोकळी करा. लिंक रॉड दोन्ही बाजूंचे एकदमच सोडा. एकच सोडला तर अँटी-रोल बारमध्ये पीळ राहतो आणि बोल्ट निघत नाही. आता खालच्या आर्मला जॅकचा हलका आधार द्या. नकलचे दोन बोल्ट काढण्याआधी स्ट्रट आणि नकल यांवर खडूने एक आडवी खूण करा. बोल्ट निघाले की नकल बाहेर कलंडायला बघते. तिला दोरीने चेसिसकडे बांधून ठेवा, नाहीतर ड्राइव्हशाफ्टचा आतला जॉइंट सुटतो आणि अर्ध्या दिवसाचं काम दोन दिवसांवर जातं. कॅलिपर कधी उतरवलाच तर तोही दोरीने टांगायचा, पाइपवर लोंबकळू द्यायचा नाही. शेवटी बॉनेटखालचे तीन नट. एका हाताने स्ट्रट खालून धरून ठेवा आणि मगच तिसरा नट काढा.

नवीन स्ट्रट गाडीत चढवण्याआधी प्रीलोड, म्हणजे गाडीचं वजन येण्याआधीच स्प्रिंग किती दाबून ठेवायची ते, ठरवा. स्प्रिंग बैठकीत खुळखुळायची थांबेपर्यंत कॉलर वर न्या, तिथून पुढे ३ ते ५ मिलिमीटर, बस. प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते असं बरेच जण सांगतात. ते खरं नाही. ५ ची स्प्रिंग ५ मिलिमीटर दाबून ठेवली तर २५ किलो झाले, आणि वर गाडीचे २७५ किलो बसणारच आहेत. स्प्रिंगचा आकडा तोच राहतो. बदलते ती फक्त चाल वर किती आणि खाली किती ही वाटणी.

वरच्या टोकाचा मधला नट इम्पॅक्ट गनने फिरवू नका. शॉकअपचा दांडा आतल्या आत फिरतो आणि सील फाटतं. ॲलन कीने दांडा धरून हाताने आवळा, आणि पक्कडीने दांडा तर कधीच पकडू नका. त्यावरचा एक ओरखडाही पुढे तेल गाळतो. तिथेच, रबरी धूळटोपी वर सरकवून दांड्याला एक बारीक केबल टाय बांधा, नळीला टेकलेला. तो पुढे कामाला येणार आहे. जाड बाहेरनळीच्या उलट्या स्ट्रटमध्ये दांडा दिसतच नाही, तिथे हे जमत नाही.

मग खोलल्याच्या उलट क्रमाने जोडत या. नकलचे बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळा. वरच्या बोल्टचं भोक लांबट असेल तर दोन्ही बाजूंना नकल सारखीच ढकलून धरा. नाहीतर एका चाकाचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, वेगळा येतो.

मागची बाजू

मागे सोपं आहे. बीमच्या मध्याखाली जॅक, शॉकअपचे खालचे बोल्ट दोन्ही बाजूंचे काढा, बीम हळूहळू खाली सोडा आणि स्प्रिंगा काढून घ्या. लक्ष ब्रेकच्या पाइपांवर आणि हँडब्रेकच्या केबलवर ठेवा, त्यांना ताण पडता कामा नये. ॲडजस्टर वर बसतो की खाली हे सेटनुसार बदलतं. स्प्रिंगचं टोक बैठकीच्या खाचेत बसलंय ना ते हात फिरवून बघा.

आवळताना थांबायची जागा

रबरी बुश असलेले बोल्ट, म्हणजे खालच्या आर्मचे आणि मागच्या शॉकअपचे, गाडी हवेत असताना पूर्ण आवळू नका. चाक लोंबकळत असताना आवळलं तर बुश त्याच कोनात पकडला जातो, आणि गाडी खाली आली की कायमचा पिळलेला राहतो. थोड्याच महिन्यांत फाटतो. मला हे उद्यमबागेतल्या एका वयस्कर मेस्त्रींनी शिकवलं. मी रेंच लावला तसा त्यांनी हात धरला, “आत्ताच आवळू नकासा ओ, गाडी जमिनीवर येऊ दे की.” चाकं खाली टेकवा, गाडी पुढे-मागे दोन-चार फूट ढकला, बॉनेट आणि डिकी दाबून सोडा, मगच शेवटचा टॉर्क.

उंची

आता वहीतली जुनी मापं काढा. आपल्या भागासाठी माझं मत ठाम आहे: मूळ उंचीपेक्षा १५ ते २५ मिलिमीटर खाली, त्याहून जास्त नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. गावोगावच्या हंपांनी ते माप पाहिलेलं नाही. खूप खाली घेतलं की मॅकफर्सन स्ट्रटमध्ये आणखी एक गोष्ट बिघडते. खालचे आर्म चाकाच्या बाजूने वर कलतात, त्यामुळे वळणावर गाडी उलट जास्त झुकते आणि खड्ड्यात चाक आपोआप थोडं वळतं.

मापताना ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्या वजनाइतकं काहीतरी ठेवा. सिमेंटचं ५० किलोचं पोतं आणि वर तांदळाची पिशवी चालते. डावं-उजवं माप ३ मिलिमीटरच्या आत जुळलं की पुरे. मागची बाजू पुढच्यापेक्षा किंचित उंच ठेवा. चवथीला घरचे पाच जण आणि डिकीत सामान घेऊन निघालात तर ती खाली बसणारच आहे. कॉलर आणि तिला जागेवर धरणारा चेकनट एकमेकांवर आवळल्यावर त्यावर पेनाने रेघ मारा. पुढे सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते.

अलाइनमेंट लगेच करू नका. स्प्रिंगा बसायला दीडशे-दोनशे किलोमीटर लागतात, त्यात उंची काही मिलिमीटर उतरते. तोवर टो (वरून पाहिलं तर चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते) साधारण सरळ असेल एवढंच बघा आणि बेताने चालवा. मग पुन्हा माप, पुन्हा सगळे नट, आणि मग अलाइनमेंट. रस्त्यावरच्या वापराला पुढे कॅम्बर उणे १ अंशाच्या आसपास पुरतो. उणे २-३ वर नेलात तर टायरची आतली कड खाऊन जाईल. टो शून्याच्या जवळ. मागच्या बीमला साधारणपणे ॲडजस्टमेंट नसते. घरी आल्यावर भिंतीवरच्या खडूच्या रेघेशी हेडलाइट जुळवा.

क्लिक फिरवणं

आता खरं काम. शॉकअपच्या टोकाला जो नॉब असतो तो बहुतेक सेटमध्ये मुख्यतः रिबाउंड बदलतो, म्हणजे दबलेलं चाक किती वेगाने परत खाली येतं ते. नॉब घड्याळाच्या दिशेने हलकेच शेवटपर्यंत फिरवा, ही पूर्ण कडक बाजू. तिथून उलटे क्लिक मोजत मध्यावर या. शेवटाला जोर लावू नका, आतली सुई बसकते. एका ॲक्सलची दोन्ही चाकं नेहमी सारख्याच क्लिकवर.

एक ठराविक फेरी ठरवा आणि दर वेळी तीच मारा, त्याच टायर प्रेशरवर. माझी फेरी टिळकवाडीतून सुरू होते. रेल्वे गेटांचे धक्के, मग जांबोटी रस्त्याचा तुकड्या-तुकड्यांचा डांबर, आणि दुसऱ्या दिवशी हायवेने काकतीवरून वंटमुरी घाट उतरून परत. पहिल्या भागात लहान धक्के, दुसऱ्यात सलग खडबड, तिसऱ्यात वेगातली लांब वळणं, असं तिन्ही मिळतं. चोर्ला घाट मी शेवटी ठेवतो, सगळं जमल्यावर. तिथे दाट धुकं आणि ओली वळणं असताना सेटिंगचे प्रयोग करू नयेत.

फेरीत काय जाणवलं त्यावरून दोन-तीन क्लिक, त्याहून जास्त नाही, आणि एका वेळी एकच ॲक्सल.

हंप ओलांडल्यावर गाडी एकदा वर येऊन थांबली पाहिजे. दोन-तीनदा डुलत राहिली तर क्लिक वाढवा. सलग खडबडीवर गाडी सुरुवातीला ठीक वाटते आणि मग हळूहळू जास्तच हादरे द्यायला लागते, तर रिबाउंड गरजेपेक्षा कडक आहे. एका खड्ड्यातून चाक परत खाली यायच्या आत दुसरा येतो, तिसरा येतो, आणि गाडी बसत बसत चाल संपवून टाकते. नवीन लोक इथे नेमकं उलटं करतात. हादरे बसले म्हणून आणखी कडक करतात. बारीक खडीवर स्टिअरिंग सतत थरथरत असेल तर पुढचे क्लिक कमी करा. वळणात नाक बाहेर जात असेल तर पुढे दोन कमी किंवा मागे दोन वाढवा. मागचा भाग निसटल्यासारखा वाटला तर याच्या उलट. जूनमध्ये पाऊस धरला की मी चारही बाजूंना दोन-तीन क्लिक मऊ करतो. ओल्या रस्त्यावर टायर जमिनीला टेकून राहणं सगळ्यात महत्त्वाचं.

प्रत्येक फेरीनंतर धूळटोपी वर करून तो केबल टाय बघा. टाय आणि नळी यांच्यामधलं अंतर म्हणजे त्या फेरीत चाक सर्वांत जास्त किती दबलं ते. टाय बंपस्टॉपच्या (चाल संपते तिथला दांड्यावरचा रबरी ठोकळा) आधी बोटभर थांबला असेल तर उंची बरोबर आहे. बंपस्टॉपपर्यंत पोचला असेल तर क्लिक फिरवून उपयोग नाही, स्प्रिंगच्या कॉलरने गाडी ५ मिलिमीटर वर घ्या (दुसऱ्या प्रकारातही, कारण खालचा ब्रॅकेट फिरवून शॉकअपची चाल बदलत नाही) आणि पुन्हा फेरी मारा. कुसमळीच्या त्या खड्ड्याआधी माझ्याकडे हा टाय असता तर मला घरीच कळलं असतं.

आवाज आणि पावसाळा

स्टिअरिंग उभ्या गाडीत फिरवताना ‘टंग’ असा आवाज आला तर स्प्रिंग बैठकीत अडकून सुटतेय. वरचं बेअरिंग आणि प्रीलोड तपासा. लहान खड्ड्यात टकटक होत असेल तर आधी लिंक रॉड बघा. गाडी खाली आली की जुना लिंक रॉड लांब पडतो आणि आतल्या पॅनलला लागतो. वरच्या माउंटिंगमध्ये रबराऐवजी धातूचा गोळा असेल तर थोडा आवाज येणारच, तो बिघाड नाही.

५०० किलोमीटरनंतर सगळे टॉर्क पुन्हा तपासा. त्यानंतर वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या शेवटी आणि दसऱ्याच्या आसपास. ॲल्युमिनियमची कॉलर आणि लोखंडी नळी यांच्यात पाणी साचलं की त्या एकमेकींना धरतात, मग सी-पाना मोडतो पण कॉलर हलत नाही. पावसाआधी आटे नायलॉन ब्रशने धुऊन, पूर्ण वाळवून, मेणासारखा सुकणारा स्प्रे मारा. ग्रीस लावू नका, त्यात माती चिकटते. वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवून खालच्या टोकाला बारीक फट ठेवा, म्हणजे आत गेलेलं पाणी निथळेल. सर्व्हिसिंगच्या वेळी कॉलर अर्धा फेरा फिरवून परत त्याच रेघेवर आणा. ती मोकळी फिरली तर पुढचा पावसाळाही फिरेल.